भोगवटा सापडत नाही, वरची खोली नकाशात नाही: असं घर घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे महापालिकेत २०१७ साली आलेल्या गावांपैकी एका गावात रो-हाउस पाहिलंय. स्कीम २००९ ची, मंजुरी तळमजला अधिक एक मजला. मालकांनी नंतर गच्चीवर बाथरूमसकट मोठी खोली बांधली आणि मागच्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघर वाढवलं. या दोन्ही कामांची परवानगी नाही. मूळ स्कीमचं भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम मंजुरीप्रमाणे झालं, आता राहायला हरकत नाही, असा दाखला) ‘कुठेतरी असेल, पण सापडत नाही’. एजंट म्हणतो, घरपट्टीची पावती आहे, मीटर आहे, रजिस्टर खरेदीखत आहे, आणखी काय पाहिजे? भाव आजूबाजूपेक्षा कमी आहे. घ्यावं का?

मी वास्तुविशारद आहे. नकाशे दाखल करणं आणि भोगवटा काढणं हे माझं रोजचं काम. त्यात आधी बांधून मग धावत आलेल्यांची प्रकरणं बरीच असतात. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी एजंटच्या तीन कागदांचं बघू, कारण जवळजवळ प्रत्येक व्यवहारात हीच तीन पानं पुढे केली जातात. घरपट्टी ही कर वसुली आहे. इमारत उभी आहे आणि कोणीतरी ती वापरतंय एवढ्यावर ती लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६७-अ आहे. त्यानुसार बेकायदा बांधकामावर ते बेकायदा असेपर्यंत दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लावता येते, आणि ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झालं असं मानायचं नाही, हेही त्या तरतुदीत सांगितलेलं आहे. पिंपरी-चिंचवडकरांना शास्ती म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तिथली शास्ती सरकारने २०२३ मध्ये माफ केली. बांधकामं त्याने अधिकृत झाली नाहीत. म्हणून घरपट्टीची पावती हातात आली की तिच्यावर शास्तीचा रकाना आहे का ते आधी बघा. कधी कधी मालकाला जी गोष्ट सांगायची नसते ती पावतीच सांगते.

विजेचं मीटर तर त्याहून कमी सांगतं. वीज कायदा २००३ खाली मालक किंवा ताबेदार मागेल तेव्हा वीज कंपनीने पुरवठा द्यायचा असतो. ती नकाशा तपासायला बसलेली नाही. दुय्यम निबंधकही खरेदीखत नोंदवताना मुद्रांक, ओळख, सह्या बघतो. गच्चीवरची खोली नकाशात आहे का हा त्याचा विषयच नव्हे. रजिस्टर खरेदीखतावरून विकणाऱ्याने विकलं आणि घेणाऱ्याने घेतलं एवढं कळतं. जे विकलं ते कायदेशीर होतं का, हे त्यावरून कळत नाही.

आता मुद्द्यावर येतो. ‘कागद नाही’ या दोन शब्दांखाली निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि त्यांची किंमत एकसारखी नसते. कागद निघाला होता, पण हरवला. किंवा काम नियमात बसतं, पण कोणी अर्जच केला नाही. किंवा काम नियमात बसतच नाही, त्यामुळे कितीही खेपा घातल्या तरी कागद निघणार नाही. पहिल्या प्रकारात थोडा वेळ जातो. दुसऱ्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. तिसऱ्यात तुम्ही खोली विकत घेत नाही, ती पाडण्याची जबाबदारी विकत घेता. त्यामुळे मालकाला ‘परवानगी आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. आज अर्ज केला तर परवानगी मिळेल का, हे शोधून काढायचं आहे. आणि ते मालकाला किंवा एजंटला विचारून कळत नाही, मोजून कळतं.

तुमच्या बाबतीत मूळ भोगवटा आणि वाढीव काम अशी दोन वेगळी प्रकरणं आहेत. ती एकत्र कालवू नका.

मूळ भोगवटा शोधताना पहिला प्रश्न असा, की २००९ मध्ये त्या गावात परवानगी द्यायचा अधिकार कोणाचा होता? तेव्हा तिथे महापालिका नव्हती. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, तेही नव्हतं, ते २०१५ मध्ये स्थापन झालं. गावठाणाबाहेर परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची, तीही नगररचना विभागाच्या शिफारशीवर, आणि सोबत बिनशेती आदेश. ग्रामपंचायतीचा अधिकार गावठाणापुरता. पुण्याभोवतीच्या गावांत ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ असं छातीठोक सांगून विकलेली घरं पुष्कळ आहेत, आणि त्यातली बरीचशी गावठाणापासून लांब, शेतजमिनीवर उभी आहेत. सरपंच-ग्रामसेवकाच्या सहीचा, गोल शिक्क्याचा दाखला मालकाने दाखवला, तर गट नंबर गावठाणात येतो का हे आधी विचारा. येत नसेल तर तो दाखला फ्रेम करून भिंतीवर लावायच्याच कामाचा.

म्हणजे तुम्हाला बिनशेती आदेश, त्यासोबतचा मंजूर रेखांकनाचा आणि इमारतीचा नकाशा, बांधकाम परवानगी, जोता तपासणीचा दाखला (जोत्यापर्यंतचं काम नकाशाप्रमाणे असल्याचा) आणि भोगवटा किंवा काम पूर्णत्वाचा दाखला हे सगळं हवं. मालकाकडे झेरॉक्स असेल तर ती घ्या, पण तिच्यावर भरवसा ठेवून विसार देऊ नका. ज्या कार्यालयाचं नाव तिच्यावर आहे तिथून जावक क्रमांक आणि तारीख सांगून साक्षांकित प्रत मागा. सरळ मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं मोघम लिहिलं की ‘माहिती मोठ्या स्वरूपाची आहे’ असं मोघमच उत्तर येतं. गट नंबर, विकसकाचं नाव, अंदाजे वर्ष आणि नेमका दाखला लिहा. हद्द बदलली की फायली एका कार्यालयातून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे ‘आमच्याकडे नाही’ हे एका ठिकाणचं उत्तर शेवटचं समजू नका. आणखी एक सोपा उपाय आहे: त्याच स्कीममधल्या शेजाऱ्यांना विचारा. कोणी पूर्वी बँकेचं कर्ज घेतलं असेल तर त्याच्या फाइलमध्ये प्रत सापडण्याची शक्यता चांगली असते.

खोट्या कागदांची धास्ती मी उगाच घालत नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींची प्रकरणं गाजली. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक मिळवला गेला, त्या क्रमांकाच्या भरवशावर लोकांनी घरं घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. त्या लोकांनी कागद बघितले नव्हते असं नाही. बघितले होते. फक्त ते ज्या कार्यालयातून निघाल्याचं सांगितलं जात होतं तिथे जाऊन विचारलं नव्हतं.

समजा चौकशीअंती कळलं, की भोगवटा निघालाच नव्हता. २००९ ची स्कीम असल्याने रेरा कायदा इथे कितपत लागू होतो याचा विचार वकील करतील. पण मोफा, म्हणजे १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, आधीपासून आहे. त्यातल्या कलम ३ मध्ये एक गोष्ट आहे जी बहुतेकांना माहीत नसते. पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय बिल्डरने ताबा द्यायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच वाक्यात, घेणाऱ्यानेही दाखल्याशिवाय ताबा घ्यायचा नाही, असं लिहिलेलं आहे. ‘मला बिल्डरने चावी दिली, माझा काय दोष’ हा बचाव म्हणूनच लंगडा पडतो.

तरीही भोगवटा नसलेली जुनी स्कीम म्हणजे सगळं संपलं असं नाही. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण बघा. सभासदांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, भोगवटा मिळाला नाही. त्यापायी मालमत्ता कर पंचवीस टक्के आणि पाणीपट्टी पन्नास टक्के जास्त भरावी लागत होती. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भोगवटा मिळवून न देणं ही बिल्डरची सेवेतली त्रुटी आहे आणि ती रोज चालू राहणारी आहे, त्यामुळे तक्रार मुदतबाह्य म्हणता येणार नाही. म्हणजे सोसायटी एकजुटीची असेल तर रस्ता आहे. एकट्या रो-हाउस मालकाच्या पायांनी तो चालून होत नाही. म्हणून घर बघायला गेलात की सोसायटीच्या सचिवांना भेटा आणि विचारा: भोगवट्यासाठी कोणी काही केलंय का, बिल्डर जिवंत आहे का, आणि जमीन कोणाच्या नावावर आहे?

हा शेवटचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात. माझ्या अनुभवात नियमित होण्याजोगी कामं सर्वांत जास्त अडतात ती इथेच. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. त्यावर तुमच्या विक्रेत्याचं नाव आहे का? भूखंड स्वतंत्र पाडलेला आणि त्याच्या नावावर असेल तर तो स्वतः सुधारित नकाशा दाखल करू शकतो. पण ग्रुप हाउसिंगची स्कीम असेल, जमीन अजून मूळ शेतकऱ्याच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल, सोसायटीचं अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) झालेलं नसेल, तर अर्जावर मालक म्हणून सही करणार कोण? तिथे चटई क्षेत्र (भूखंडावर एकूण किती बांधता येतं ते, म्हणजे एफएसआय) संपूर्ण भूखंडाचं असतं, एकेका घराचं नसतं. कोपऱ्यातल्या पाच जणांनी आधीच गच्च्या बांधून ते खाल्लं असेल तर तुमच्या वाट्याला काही उरत नाही. नियमात बसणारी खोली मग निव्वळ सहीअभावी वर्षानुवर्षं अनधिकृत राहते. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर सही देत नसला तरी सरकारी आदेशाने होणारं) करून घेता येतं, पण ते काम सोसायटीचं आहे आणि त्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नाही.

सहीचा प्रश्न सुटतो असं धरू आणि वाढीव कामाचा हिशेब करू. ३ डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं वगळता राज्यभर एकच नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. जुन्या घरांच्या बाबतीत तिने एक मोठा फरक केला. पूर्वी बाल्कनी, जिना अशा गोष्टी चटई क्षेत्रातून वगळल्या जात. आता बाहेरच्या कडेने मोजायचं, बाल्कनी-जिना सगळं आत धरायचं, आणि त्याच्या बदल्यात अधिमूल्य (प्रीमियम) भरून निवासी इमारतीला साठ टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे मूळ क्षेत्राला जोडून मिळणारं, चटई क्षेत्र मिळतं. म्हणजे २०१० मध्ये जी खोली बसत नव्हती ती आज बसू शकते. मालक म्हणत असेल ‘आम्ही तेव्हा विचारलं होतं, नाही म्हणाले’, तर ते उत्तर शिळं झालं असू शकतं. पुन्हा मोजा.

आकड्यात बघू. समजा तुमच्या घराचा स्वतंत्र भूखंड ९०० चौरस फुटांचा आहे आणि समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद आहे, जो रो-हाउसच्या आतल्या रस्त्यांच्या बाबतीत बहुधा असतोच. दाटवस्तीबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१, म्हणजे ९९०. त्यावर साठ टक्के अनुषंगिक, म्हणजे ५९४. एकूण १,५८४. अरुंद रस्त्यावर यापलीकडे अधिमूल्याचं जादा क्षेत्र किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) चढवता येत नाही. जिना-बाल्कनी-गच्चीची खोली धरून तुमचं बांधकाम १,४५० भरत असेल, तर क्षेत्रफळापुरतं तरी ते बसतं.

‘क्षेत्रफळापुरतं तरी’ म्हटलं, कारण मागचं स्वयंपाकघर वेगळ्याच ठिकाणी अडकतं. ते सामासिक अंतरात, आपण मार्जिन म्हणतो त्या जागेत आहे. चटई क्षेत्र शिल्लक आहे म्हणून मार्जिनमध्ये बांधता येत नाही. ती जागा उजेड-वाऱ्यासाठी, ड्रेनेजच्या चेंबरसाठी आणि आग लागली तर माणसाला बाहेर पडण्यासाठी सोडायला लावलेली असते. त्यातल्या काही अडचणींना प्राधिकरण अधिमूल्य घेऊन सवलत देऊ शकतं, पण तो त्यांचा स्वेच्छाधिकार आहे. तो गृहीत धरून घर विकत घेऊ नये. मी तुमच्या जागी असतो तर गच्चीची खोली ‘बहुधा होईल’ या खात्यात टाकली असती आणि मागचं स्वयंपाकघर ‘पाडावं लागेल’ या खात्यात. पाडण्याचा खर्च फार नसतो. पण स्वयंपाकघर पुन्हा आत कुठे बसवायचं, हा प्रश्न घरातल्यांना आत्ताच विचारून ठेवा.

आणखी काही गोष्टी अशा आहेत, की त्या आढळल्या तर हिशेबच करू नका. नदी-ओढ्याची निळी पूररेषा (जिच्या आत बांधकामाला मनाई असते), विकास आराखड्यातलं आरक्षण, रस्तारुंदीची रेषा, आणि शेती विभाग. चिखलीला इंद्रायणीकाठी निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले गेले. राहती घरं होती, पैसे देऊन घेतलेली. झोन दाखला आणि विकास आराखड्याचा अभिप्राय काढायला लागणारा खर्च घराच्या किमतीपुढे काहीच नाही, तरी विसार देऊन झाल्यावर आमच्याकडे येणारेच जास्त.

नियमांइतकीच, माझ्या मते त्याहून जास्त, महत्त्वाची गोष्ट म्हणजे वरच्या खोलीचा भार. खालचे कॉलम तळमजला अधिक एकसाठी डिझाइन केलेले आहेत. वरची खोली बांधताना कोणा स्ट्रक्चरल इंजिनियरने आकडेमोड केली होती का, की कंत्राटदाराने ‘काही होत नाही साहेब, पत्रा टाकण्यापेक्षा स्लॅबच टाकू’ म्हटलं? गच्चीवर जाऊन बघा: खोलीच्या भिंती खालच्या बीमवर येतात का, की स्लॅबच्या मधोमध उभ्या आहेत? खालच्या छताला मध्यभागी तडे, प्लास्टरचे पोपडे, दाराच्या चौकटी अडकणं, बाथरूमच्या खाली ओल, पाण्याची टाकी कशावर ठेवली आहे, हे सगळं टिपा. मग स्ट्रक्चरल इंजिनियरला न्या. तो हॅमर टेस्ट, गरज वाटली तर काँक्रीटचा गाभा काढून चाचणी करील. नियमित करण्याच्या प्रस्तावाला त्याचा स्थैर्याचा दाखला लागतोच. पण दाखला लागतो म्हणून नाही, तर खाली तुमची मुलं झोपणार आहेत म्हणून हे करा. इंजिनियरने नकार दिला तर पुढचं सगळं व्यर्थ आहे, आणि मालकाने दुसऱ्या इंजिनियरचा दाखला पाच दिवसांत आणून दिला तर तो तुमच्या इंजिनियरला दाखवा.

‘पण पाडायला कोण येतंय?’ हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, तरी मनात असणार. खरं सांगायचं तर एका खोलीसाठी महापालिका आपणहून क्वचित येते. ती येते शेजाऱ्याच्या तक्रारीवरून. पार्किंगवरून भांडण झालं, झाडाच्या फांदीवरून झालं, सोसायटीच्या निवडणुकीत तुम्ही चुकीच्या बाजूला उभे राहिलात, की एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, अनधिकृत काम काढून टाका अशी नोटीस दारावर चिकटते. ती नोटीस बांधणाऱ्याला शोधत दुसऱ्या शहरात जात नाही. जो मालक आहे, ताब्यात आहे, त्याला मिळते. नोटिशीच्या मुदतीत कलम ४४ खाली अर्ज करून बांधकाम ठेवण्याची परवानगी मागता येते. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: अर्ज केला तर मिळेल का? खोली नियमात बसत असेल तर नोटीस ही कटकट आहे. बसत नसेल तर ती शेवटाची सुरुवात आहे. किती वर्षं झाली याने फरक पडत नाही. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये पाच मजल्यांच्या मंजुरीवर वीस मजल्यांपर्यंत इमारती चढल्या, लोक १९८०च्या दशकापासून राहत होते, आणि तरी फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरच्या मजल्यांना संरक्षण नाकारलं. पुढच्या वर्षी पाणी, वीज आणि गॅस तोडायला माणसं आली.

इथे एक सावधगिरी. चौकशी करताना स्वतःच नोटीस ओढवून घेऊ नका. मंजूर नकाशाची प्रत मागणं ही साधी गोष्ट आहे. पण ‘या घरावर अनधिकृत काम आहे का, जागेवर पाहणी करून कळवावे’ असा अर्ज तुम्ही दिलात, तर तो तक्रार म्हणूनच नोंदला जाईल. विक्रेत्याशी तुमचे संबंध तिथेच संपतील, आणि घर घ्यायचं ठरलं तर ती फाइल तुमच्याच नावाने चालेल. पाहणी तुमच्या वास्तुविशारदाकडून करा, मालकाच्या संमतीने, मंजूर नकाशा आणि टेप हातात घेऊन.

कर्जाचं थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. त्यात बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासूनच इमारतीवर कर्ज द्यावं, असंही आहे. त्याआधीही बँकेचा मूल्यांकनकार मंजूर क्षेत्रच धरत असे. म्हणजे घराचा भाव ८० लाख ठरला आणि मूल्यांकन ६० लाखांवर आलं, तर बँक ६० लाखांवरच टक्केवारी लावणार आणि मधली दरी तुम्हाला स्वतःच्या खिशातून भरायची. एजंट मग एखाद्या वित्त कंपनीकडे नेतो, जिथे कागदाची फार विचारपूस नाही आणि व्याज जास्त आहे. तिथे कर्ज मंजूर झालं म्हणून घर पक्कं झालं असं समजू नका. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकालाही याच कंपनीकडे जावं लागेल.

कमी भावाकडे आता नीट बघा. एजंट एकूण १,४५० फुटांवर भाव लावून ‘बाजारापेक्षा दहा टक्के कमी’ म्हणत असेल, तर तो स्वस्त देत नाही. मंजूर क्षेत्र समजा १,०५० असेल, तर बाजारभाव त्या १,०५० ला लावा. उरलेल्या ४०० ला शून्य. त्यातून नियमितीकरणाचं अधिमूल्य, विकास शुल्क, प्रशमन शुल्क (परवानगीआधी बांधल्याचा दंड), वास्तुविशारद आणि इंजिनियरची फी, मागचं स्वयंपाकघर पाडून आत नवं करण्याचा खर्च वजा करा. जी रक्कम उरेल तिथून बोलणी सुरू करा. मालक चिडेल. त्याने त्या खोलीवर खर्च केलाय हे खरं आहे. पण तो खर्च परवानगीशिवाय करण्याचा निर्णयही त्याचाच होता.

व्यवहार पुढे न्यायचाच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कागद विक्रेत्याने काढायचे, त्याच्या नावाने, खरेदीखताच्या आधी. ‘आधी खरेदी करून घ्या, मग आपण बसून करू’ याला हो म्हणू नका. साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) करा, ते नोंदवा, आणि त्यात लिहा की अमुक मुदतीत मूळ भोगवट्याची साक्षांकित प्रत आणि वाढीव कामाची मंजुरी विक्रेत्याने द्यायची. न दिल्यास विसार पूर्ण परत, विनाकपात. विसाराची रक्कम छोटी ठेवा. मुदत भरपूर धरा, कारण फाइल हलायला जेवढा वेळ लागेल असं मालकाला वाटतं त्याच्या दुप्पट लागतो. मागचं बांधकाम मालकानेच पाडून द्यायचं, हेही त्यात घाला.

पाचशेच्या स्टँपवरच्या हमीपत्राची एजंट मंडळींना फार आवड. ‘भविष्यात काही कारवाई झाल्यास त्याची सर्व जबाबदारी विकणाऱ्याची राहील.’ वाक्य भारदस्त आहे. पण विकणारा मुलाकडे परदेशी गेला, किंवा पैसे खर्च करून बसला, तर ते वाक्य घेऊन तुम्ही दिवाणी न्यायालयात वर्षं काढणार. हमीपत्र घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या बदल्यात भावात किंवा मुदतीत काही सोडू नका. त्यापेक्षा मोबदल्याचा ठसठशीत भाग मंजुरी हातात येईपर्यंत रोखून धरलेला बरा, आणि तसं करारात स्पष्ट लिहिलेलं बरं.

एक शक्यता राहिली. कागद काढताना कळलं, की मुळात हा गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे करून विकलेला प्लॉट आहे, रेखांकन मंजूरच नाही, तर वरचं बरंच गणित बदलतं. त्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची कट-ऑफ ३१ डिसेंबर २०२० केली गेली. त्याआधीचं असल्याचा पुरावा असेल तर नियमित होण्याचा मार्ग आहे. मात्र आरक्षण आणि पूररेषा तिथेही आडव्या येतात. आणि ‘प्रस्ताव दाखल आहे’ म्हणून दाखवलेली पोच ही फक्त पोच आहे. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हा वेगळा कागद असतो, त्यावर भूखंडाचं आणि बांधकामाचं क्षेत्र लिहिलेलं असतं. ते जागेवरच्या मापाशी जुळवा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर या आठवड्यात तीन गोष्टी करा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून जमीन कोणाच्या नावावर आहे बघा. झोन दाखला आणि पूररेषा बघा. मालकाच्या संमतीने स्ट्रक्चरल इंजिनियर गच्चीवर चढवा. तिन्हींचं उत्तर बरं आलं तर मूळ भोगवट्याचा शोध आणि नकाशाचा हिशेब यांवर पैसे खर्च करा, आणि वर सांगितलेल्या भावात, वर सांगितलेल्या अटींवर मी हे घर घेतलं असतं. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असेल आणि सोसायटीत कोणाला त्याचं काही पडलेलं नसेल, तर घर कितीही आवडलं असलं तरी दुसरं बघायला लागा. आणि एजंटने ‘उद्या दुसरी पार्टी टोकन देतेय’ असा निरोप धाडला, तर देऊ द्या.